झरमॅट: पैसे गोर्नरग्राटच्या गाडीवर खर्च करा

स्वित्झर्लंडमधलं झरमॅट गाव साधारण 1,600 मीटरवर आहे, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर. मॅटरहॉर्नचा सुळका तिथून थेट 4,478 मीटरवर जातो. तो नीट पाहायचा तर आमचं मत ठाम आहे: एकच तिकीट परवडत असेल, तर गोर्नरग्राट या डोंगरधारेवर जाणाऱ्या रेल्वेचं काढा.

ही दातेरी रुळाची गाडी 1898 पासून, पहिल्या दिवसापासूनच विजेवर धावते. मुख्य स्टेशनच्या समोरच सुटते आणि 33 मिनिटांत 3,089 मीटरवर पोहोचवते. चढताना उजवीकडे बसा. मॅटरहॉर्न त्याच बाजूला दिसतो. वर गोर्नर हिमनदी आणि 4,634 मीटरचं ड्युफूरश्पिट्स शिखर अगदी समोर. पर्यटकांसाठीचा देशभराचा प्रवासपास, म्हणजे स्विस ट्रॅव्हल पास, इथे पूर्ण चालत नाही, फक्त निम्मं भाडं माफ होतं. हिशेब चुकतो तो इथेच.

खरी मजा उतरताना. शेवटून दुसऱ्या रोटेनबोडेन स्टेशनवर उतरा, दहाएक मिनिटं खाली चाला की रिफेलझे तळं. मॅटरहॉर्नचं प्रतिबिंब हवं असेल तर सकाळी लवकर जा. ऊन चढलं की वारा सुटतो, पाणी हलतं आणि चित्र मोडतं. जूनमध्येही तळ्यावर बर्फ असू शकतो; जुलै ते सप्टेंबर हा काळ चांगला. पुढची गाडी त्याच तिकिटावर पकडता येते, किंवा पायवाटेने रिफेलबर्ग स्टेशनपर्यंत उतरा. चांगले बूट मात्र हवेतच.

3,883 मीटरवरच्या ग्लेशियर पॅराडाइज या दुसऱ्या ठिकाणी रोपवेने जाता येतं, पण शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळच मिळत नाही. डोकं दुखू लागलं किंवा मळमळलं तर लगेच खाली या. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये.

गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे. कार 5 किलोमीटर अलीकडे टेश गावात लावायची, तिथून रेल्वेने 12 मिनिटं. इंटरलाकेनहून एका दिवसात उरकायचा बेत बहुतेकदा फसतो: स्पीट्स आणि फिस्पला गाडी बदलून यायलाच दोन तासांहून जास्त लागतात, तोवर डोंगराला ढगांनी घेरलेलं असतं. एक रात्र राहा. सकाळी उठल्यावर आधी वरच्या कॅमेऱ्यांचं थेट चित्र बघा, मगच खिडकीवर तिकीट घ्या.