'चटणी करून मिळेल', मंगळवार पेठ : चार स्टार, पाचवा ठसक्यानं घालवला

मार्च संपत आला की कोल्हापुरात कुठल्याबी पेठेत जावा, डंकाची, म्हणजे मिरची-मसाला कुटायच्या यंत्राची धडधड आणि नाकात झिणझिण्या ठरलेल्याच. मंगळवार पेठेतल्या ज्या कांडपाबद्दल लिहितोय तिथं बोर्डावर दुकानाच्या नावापेक्षा 'चटणी करून मिळेल' हेच मोठ्या अक्षरात हाय, त्यामुळं पत्ता सांगताना पण सगळे तेच सांगतात.

बाहेरगावच्यांसाठी आधीच सांगतो, इथं खोबऱ्याची किंवा इडलीबरोबरची चटणी मिळत न्हाई. आमच्यात चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, जो आमटीत, भाजीत, कालवणात सगळीकडं पडतो, आणि कुणी कुणी तर नुसत्या मिरचीच्या पुडीला पण चटणीच म्हणतंय. माझ्यासमोर पुण्याच्या एक बाई विचारत होत्या, ओली का सुकी आणि फ्रीजमध्ये किती दिवस टिकते, तर मालक न हसता म्हणाले, "ताई वर्षभर टिकती, फक्त ओला चमचा घालू नका." लगेच बाकावरच्या आजींनी भर घातली, "आणि तिखट केलं की दोन चमचे जास्त घाला." आता त्या बाईंना तिखट म्हणजे मिरचीपूड, आजींना तिखट म्हणजे मटण! आमच्याकडं 'रविवारी तिखट हाय, जेवायला या' म्हटलं की वशाट असतंय, शाकाहारी पाहुण्यानं आधी विचारून घ्यावं. त्यात डंकावरचा पोरगा मोबाईलवर कुस्ती बघत ओरडला, "चटणी केली रं त्याची!" बाई दचकून उखळाकडंच बघाय लागल्या.

असो, कामाबद्दल. पहिला प्रश्न येतो, रंग पाहिजे का जाळ. रंगासाठी ब्याडगी, जाळासाठी संकेश्वरी किंवा लवंगी, आणि दोन्ही पाहिजे असंल तर प्रमाण ते सुचवतात. हे मला लय आवडलं, कारण लाल दिसली म्हणजे झणझणीत असं समजून नुसती ब्याडगी नेणारे आणि मग 'चटणीत दम न्हाई' म्हणणारे कमी न्हाईत. आम्ही किलोभर मिरची, देठं काढून, कडक ऊन दाखवून नेली. धने, जिरे, तीळ, खोबरं, दगडफूल, नाकेश्वर, लवंग, दालचिनी सगळं घरनंच भाजून नेलेलं, कांदा-लसूण तळून वेगळ्या डब्यात.

लोखंडी मुसळं आळीपाळीनं वर-खाली होतात आणि कांडपातली बाई शेजारी बसून चाळत राहते, चाळणीवर राहिलेलं परत उखळात. कांदा-लसूण सगळ्यात शेवटी, तेव्हा मघापर्यंत उडणारी पूड एकदम ओलसर होऊन गोळा धरते आणि रंग गडद होतो, ते बघण्यासारखं असतंय. चक्कीवर काम पटकन होतं पण मसाला गरम होऊन वास मरतो, डंकावर तसं कमी होतं. घरी आणून बरणीत दाबून भरली, मध्ये हिंगाचे खडे. झाकण काढलं की अजून सगळ्या घरात वास.

तक्रारी दोन. बसायच्या जागेला एक्झॉस्ट फॅन न्हाई, बारकं पोर घेऊन गेलेल्या बाईचे हाल झाले, दोघं पण शिंकून शिंकून लाल. रुमाल न्या, चष्मा असंल तर घाला. दुसरं म्हणजे तिथंच हळद आणि शिकेकाई पण कुटून देतात. डंक वेगळे हायत म्हणतात, पण गर्दीत कुठला कशासाठी चाललाय कळत न्हाई, त्यामुळं आपली मिरची पडायच्या आधी उखळ पुसून घ्यायला सांगा, लाजू नका. सांगितलं की करतात, पण आपणहून करायला पाहिजे ना राव.

रेट किलोवर हाय, बोर्डावर लिहिलाय, घासाघीस चालत न्हाई. वजन जाताना-येताना समोर करून देतात, तिथं कटकट न्हाई.

जायचं तर पाडवा झाला की लगेच, तेबी सकाळी. एकदा वळीव सुरू झाला की मिरची सादळते, आणि ज्यांनी आळस केला ते सगळे त्याच आठवड्यात पोती घेऊन लायनीत असतात.