बिलात नवी कमान, घड्याळात जुनीच

यांत्रिक घड्याळाच्या दुरुस्तीत फसवणूक करणे फार सोपे असते, कारण ज्या कामाचे पैसे आपण देतो ते काम बंद झाकणाआड होते आणि ते मुळीच झालेले नसले तरी घड्याळ काही काळ बिनतक्रार चालत राहते. माझ्या बाबतीत हे कसे घडले ते सविस्तर लिहीत आहे. जुने चावीचे घड्याळ एखाद्या लहान, स्वतंत्र कारागिराकडे देण्याच्या विचारात जे असतील, त्यांनी घड्याळ हातातून सोडण्यापूर्वी हे वाचावे.

घड्याळ १७ खड्यांचे आणि तासाला १८,००० ठोके देणारे, म्हणजे सेकंदाला ५. एरवी दिवसाकाठी फार तर अर्धा मिनिट इकडेतिकडे होणारे हे घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागले. दुकानातील गृहस्थांनी मागचे झाकण काढले, डोळ्याला भिंग लावून क्षणभर पाहिले आणि कमान (घड्याळाला ताकद देणारी मुख्य स्प्रिंग) थकली असून पूर्ण ओव्हरहॉलिंगला पर्याय नाही, असे सांगितले. बिलात सर्व भाग सुटे करून सफाई, ऑइलिंग, नवी कमान, झिजलेल्या चावीच्या (बाजूच्या फिरवायच्या बोंडाच्या) जागी नवी चावी आणि केसचे (बाहेरच्या धातूच्या आवरणाचे) पॉलिश अशा नोंदी होत्या. परत मिळालेले घड्याळ आरशासारखे चकाकत होते आणि वेळही अचूक दाखवत होते. टाइमग्राफरवरचा, म्हणजे ठोके ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावरचा, आकडाही त्यांनी दाखवला: दिवसाला ३ सेकंद पुढे. तक्रारीला जागाच नव्हती.

काही महिन्यांतच घड्याळ अडखळू लागले, चावी पूर्ण भरूनही रात्रीतून बंद पडू लागले, आणि मी ते दुसऱ्या कारागिराकडे नेले. तेही एकट्याने काम करणारे, लहानशा जागेतले. त्यांनी घड्याळ उघडण्यापूर्वीच ते टाइमग्राफरवर ठेवले आणि वेळेच्या आकड्याकडे दुर्लक्ष करून बॅलन्स व्हीलचा, म्हणजे मागेपुढे हलून घड्याळाची गती ठरवणाऱ्या चाकाचा, झोका किती अंशांचा आहे ते मला दाखवले. चावी पूर्ण भरलेली आणि तबकडी वर असताना निरोगी घड्याळाचा झोका साधारण २७० ते ३०० अंशांचा असतो. घड्याळ उभे धरल्यावर तो थोडा कमी होतो. माझ्या घड्याळाचा झोका आडव्या स्थितीतच २०० च्या खाली होता आणि उभ्या स्थितीत यंत्राला तो नीट वाचताही येत नव्हता.

यानंतर त्यांनी माझ्यासमोर एकेक भाग सुटा केला. चाकांच्या आसांची टोके ज्या खड्यांमध्ये फिरतात, त्या खड्यांभोवती जुन्या तेलाचा तपकिरी थर वाळून घट्ट बसला होता आणि त्याच्यावर नवे तेल सोडलेले होते. हे तेल न घालण्यापेक्षा वाईट असते, कारण वाळलेला गाळ आणि धातूचा कीस त्यात मिसळून त्याचे घासकाम सुरू होते आणि आसांची टोके झिजू लागतात. पॅलेट फोर्कच्या (चाकांची ताकद ठोक्याठोक्याने बॅलन्सला देणाऱ्या लहान तरफेच्या) आसालाही तेल लावलेले होते. हा भाग इतका हलका असतो की तेलाचा चिकटपणाही त्याला जड जातो, म्हणून त्याचे आस कोरडे ठेवण्याची पद्धत आहे. ते ज्याला ठाऊक नाही किंवा ठाऊक असून ज्याला घाई आहे, तोच तिथे तेल सोडतो. सर्वांत शेवटी त्यांनी कमानीचा डबा उघडला. आत निळसर पोलादाची, एकाच दिशेने गुंडाळी धरून मेलेली जुनी कमान काळ्या पडलेल्या ग्रीसमध्ये बसलेली होती. त्यांनी शेजारी नवी कमान ठेवली: पांढऱ्या मिश्रधातूची, मोकळी सोडताच उलट्या वळणाने फाकणारी. दोन्ही पाहिल्यावर बिलातील नोंद खरी की खोटी, हे ठरवायला तज्ज्ञ लागत नव्हता.

मग घड्याळ पहिल्यांदा दुरुस्त झाले कसे? अचानक कित्येक मिनिटे पुढे पळणाऱ्या घड्याळाबद्दल पहिला संशय चुंबकत्वाचा घ्यायचा असतो. लाउडस्पीकर किंवा मोबाइलच्या कव्हरमधले चुंबक घड्याळाजवळ आले की हेअरस्प्रिंगची (बॅलन्सला जोडलेल्या अगदी बारीक स्प्रिंगची) वेटोळी एकमेकांना चिकटू लागतात, स्प्रिंगची कामापुरती लांबी घटते आणि बॅलन्स वेगाने हलू लागतो. थकलेल्या कमानीने झोका मंदावतो आणि एकदा दिलेली चावी लवकर उतरते. तिच्यामुळे घड्याळ एकाएकी इतके पुढे जात नाही. घड्याळ डिमॅग्नेटायझरवरून फिरवले की चुंबकत्व काही सेकंदांत उतरते. ते करून, वेळ जुळवण्याची बारीक कळ किंचित सरकवून आणि वरवर तेल सोडून पूर्ण ओव्हरहॉलिंगचे बिल करण्यात आले होते. ही शंका घरच्या घरीही तपासता येते: साधे होकायंत्र टेबलावर ठेवून घड्याळ त्याच्याजवळून हळू फिरवावे, सुई घड्याळाच्या मागे झपाट्याने फिरली, तर दुकानात शिरताच आधी चुंबकत्व तपासण्यास सांगावे आणि उत्तर काय मिळते ते पाहावे.

पॉलिशबद्दल मला अधिक राग आहे. कमान आज बदलता येते, परंतु केसवरून घासून गेलेला धातू परत येत नाही. पट्टा ज्या चार शिंगांमध्ये बसतो त्यांच्या धारदार कडा गोल झाल्या होत्या, मागच्या झाकणावरील कोरीव अक्षरे पुसट झाली होती, आणि हे सारे मी न मागता. आत काहीच केलेले नसताना काहीतरी केल्याचा भास निर्माण करण्याचे काम ती चकाकी करते, असे आता मला वाटते. चावीचेही तसेच. मूळ चावीवर कंपनीचे चिन्ह होते, नवीवर काहीच नव्हते, आणि जुनी मला परत देण्यात आली नव्हती.

जुनी चावी, जुने काटे, जुनी तबकडी यांना किंमत का असते, हे समजून घेण्यासारखे आहे. अनेक मोठ्या कंपन्या आपले सुटे भाग स्वतंत्र कारागिरांना विकत नाहीत; अनेक घड्याळ कंपन्यांची मालकी असलेल्या स्वॉच समूहाने तर २०१६ पासून घाऊक विक्रेत्यांनाही भाग देणे थांबवले. त्यामुळे अस्सल भाग मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे दुसरे जुने घड्याळ, आणि ज्याची नियत साफ नाही त्याच्यासाठी ते दुसरे घड्याळ एखाद्या बेसावध गिऱ्हाइकाचेही असू शकते. उलट कंपनीच्या सेवा केंद्रात फार जुने घड्याळ घेतच नाहीत किंवा तबकडी-काटे नवे घालण्याचा आग्रह धरतात. म्हणून जुन्या घड्याळासाठी लहान स्वतंत्र कारागीर हीच योग्य जागा आहे, हे माझे मत या अनुभवानंतरही कायम आहे. प्रश्न फक्त निवडीचा आहे.

निवडताना माझा भर कारागिराच्या गोड बोलण्यावर किंवा भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवर नसून नोंदींवर असतो. दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे टाइमग्राफरचे आकडे मागावेत, तेही तबकडी वर, तबकडी खाली आणि उभ्या स्थितींमध्ये, शक्य असल्यास चावी दिल्यानंतर २४ तासांनी पुन्हा. एकाच स्थितीतला वेळेचा आकडा कळ सरकवून हवा तसा आणता येतो. झोका तसा आणता येत नाही. अर्थात त्यातही एक मेख आहे. यंत्रात लिफ्ट अँगल (प्रत्येक ठोक्याला पॅलेट फोर्कच्या संपर्कात असताना बॅलन्स जितका फिरतो तो कोन) भरावा लागतो, पुष्कळ यंत्रांत तो आधीपासून ५२ अंश ठेवलेला असतो, आणि खऱ्यापेक्षा जास्त भरला तर पडद्यावरचा झोका आपोआप मोठा दिसतो; तेव्हा तो किती धरला, हेही विचारावे. प्रामाणिक कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट तो खुलून बोलू लागतो. बदललेला प्रत्येक भाग पुडीत घालून परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्यावे. ‘पॉलिश करू नये’ हेही लिहून घ्यावे, कारण तोंडी सांगितलेले विसरले जाते. घड्याळ देतानाच तबकडी, चावी, शिंगे आणि झाकण उघडल्यावर आतली यंत्रणा यांची छायाचित्रे काढावीत. झाकण आपल्यासमोर उघडण्यास जो नकार देतो, त्याच्याकडे घड्याळ ठेवू नये. झाकणाच्या आतल्या बाजूला पूर्वीच्या कारागिरांनी सुईने कोरलेल्या बारीक खुणा किंवा तारखा अनेकदा सापडतात. माझ्या झाकणात जुन्या खुणा होत्या, नवी नव्हती. सगळेच कारागीर खूण करत नाहीत, त्यामुळे एवढ्यावरून कोणाला दोषी धरता येणार नाही.

जुनी कमान, काढलेली छायाचित्रे आणि दुसऱ्या कारागिराचे लेखी निरीक्षण घेऊन मी पहिल्या दुकानात गेलो. आरंभी नवी कमानच निळी असते असे सांगण्यात आले, नंतर काम हाताखालच्या मुलाने केले असे सांगण्यात आले, आणि अखेर कमानीचे तेवढे पैसे परत देण्यात आले. सफाईचे पैसे मात्र त्यांनी दिले नाहीत; सफाई केली होती पण घड्याळ दमट हवेत राहिले, असा त्यांचा दावा होता. चिन्ह असलेली चावी टाकून दिल्याचे ते आजही सांगतात.