मेलेल्या वाळूची तीन आठवडे सेवा

समुद्री माशांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी लावताना तळाला जिवंत वाळू घाला, असं सगळेच सांगतात आणि ते खोटं नाही. दाण्यांवर वस्ती करून राहिलेले बॅक्टेरिया माशांना विषारी असलेल्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. कोऱ्या टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे सहज जातात. त्यामुळे ‘टाकी मोडतोय, चालू टाकीतली वाळू आहे’ असं एकाने म्हटल्यावर मी कोरड्या वाळूच्या कितीतरी पट पैसे मोजून दोन बादल्या घरी आणल्या.

नेमकी माझी टाकी गळकी निघाली. बदलून मिळेपर्यंत वाळू जगवणं आलं. घनता १.०२५, हीटर २५ अंशांवर, पाणी हलतं राहावं म्हणून छोटा पॉवरहेड. थर पातळ पसरला, कारण जाड थरात तळापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. पाणी उडालं की आरओचं गोडं पाणी घालायचो. मीठ उडत नाही, ते मागेच राहतं. नळाच्या पाण्याचा थेंबही लागू दिला नाही, क्लोरीनची भीती. घरचे म्हणाले, एवढी काळजी माणसांची घे.

विकणाऱ्याने एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती: खायला काही घालू नका, पाणी सडेल. इथेच मी फसलो. रोज टेस्ट करायचो, अमोनिया शून्य. नळीतला तो स्वच्छ पिवळा रंग बघून मी खूश! वाससुद्धा नाही. अहो, आत काही नव्हतंच, तर सडणार काय आणि अमोनिया येणार कुठून? बॅक्टेरिया काम करत असते तर नायट्रेट दिसायला हवं होतं. तेही शून्य होतं, आणि मी त्याकडे पाहिलंच नाही.

टाकी आल्यावर वाळू घातली, बॅक्टेरियांना खाद्य म्हणून अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन) नेला. चौथ्या दिवशीही २. तेव्हा कुठे भिंग घेऊन बसलो. सगळे दाणे एका मापाचे, चकचकीत, शिंपल्याचा एक तुकडा नाही. रात्री टॉर्च मारला, एक किडा हलला नाही. शेवटी चमचाभर वाळू गोड्या पाण्याने धुऊन व्हिनेगरमध्ये टाकली. खाऱ्या टाकीतली वाळू सहसा अ‍ॅरगोनाइटची असते. अ‍ॅरगोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते फसफसतं. ही ढिम्म. साधी सिलिका वाळू, मिठाच्या पाण्यात भिजवलेली.

फोन केला तर पठ्ठ्या म्हणतो, ‘तुमच्याकडेच मेली असेल.’ या धंद्यातली मेख हीच आहे, जिवंत माल विकला की मेल्याचं खापर घेणाऱ्यावर फोडता येतं. पण खरोखर माझ्याकडे मेली असती तर पहिल्याच आठवड्यात अमोनिया चढला असता आणि कुजलेल्या अंड्यांचा वास घरभर झाला असता. आणि माझ्याकडे मेली म्हणून अ‍ॅरगोनाइटची सिलिका होते का? हे विचारल्यावर फोन बंद झाला. पैसे गेलेच.

आता दुसऱ्या एकाकडून आधी फक्त मूठभर वाळू मागून आणली आहे. दोन बरण्या, दोन्हीत तेच खारं पाणी, तेवढाच अमोनिया, एअर पंपाची एकेक नळी, वाळू एकीतच. आज दुसरा दिवस. वाळूच्या बरणीत अमोनिया निम्म्यावर आलाय, दुसरीत जिथल्या तिथे.