फायरप्लेसवरचा टीव्ही: आठ महिन्यांनंतर वायरिंगचा हिशेब

भिंतीला चिकटलेला टीव्ही, खाली फायरप्लेस आणि वायर म्हणाल तर एकही दिसत नाही. असा फोटो बघून मीही भुललो होतो. (शेकोटी म्हणावं तर ती अंगणातली वाटते, म्हणून फायरप्लेसच म्हणतो.) टीव्ही लावून आता आठ महिने झाले आणि त्यात थंडीचा एक अख्खा मोसम गेला. टीव्ही कुठला घ्यावा यावर ढिगाने लिहिलं जातं, मी लिहितोय ते त्याच्या मागच्या भिंतीबद्दल. टीव्ही तासाभरात लागला. भिंत मात्र अजून पुरती सुटलेली नाही.

सुरुवात उष्णतेपासून करतो, कारण ते जमलं नसतं तर पुढचं काहीच करायचं नव्हतं. टीव्हीची खालची कड जिथे येणार होती तिथे भिंतीला एक थर्मामीटर चिकटपट्टीने लावला, एरवी पेटवतो तशीच आग पेटवली आणि दोन तास वाट पाहिली. आकडा ४७ वर गेला. बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापरायचं तापमान ४० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं, आणि आमचा ओएलईडी, म्हणजे उष्णतेने पॅनल लवकर म्हातारं होणारा. बेत तिथेच बारगळला असता. पण फायरप्लेसच्या तोंडातून निघालेली गरम हवा भिंतीला घासत सरळ वर जात होती, आणि तिला अडवायला वरची फळी जेमतेम १२ सेंटीमीटर पुढे आलेली होती. ती काढून २५ सेंटीमीटर पुढे येणारी दगडी फळी बसवली. पुन्हा तीच आग, तेच दोन तास: ३४. हवा आता फळीला आपटून खोलीत पुढे फेकली जाते. तुमचा आकडा वेगळा येईल, पण तो मोजल्याशिवाय भिंतीला हात लावू नका.

दुसरा प्रश्न पाइप न्यायचे कुठून. वायरमनकाकांनी टीव्हीच्या मधोमध पेन्सिलीने सरळ उभी रेघ मारली आणि खाच पाडायला मशीन उचललं.

"काका, इथे नको, मागे धुराडं आहे."

"अहो, दीड इंचच तर मारायची आहे. आणि वायर ७० अंशांची आहे, तिला काय होतंय!"

पीव्हीसी वायर ७० अंशांची असते हे खरंच. पण तो आकडा आतल्या तांब्याने गाठायची कमाल मर्यादा आहे. भोवतालची जागाच तापलेली असेल तर त्याच वायरमधून कमी करंट न्यावा लागतो. शिवाय धुराड्याची भिंत कोरली आणि आत तडा गेला, तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड घरात यायला वाट मिळते. त्यामुळे धुराड्याला हात लावायचा नाही यावर मी अडून बसलो. भिंतीच्या पुढे दहा सेंटीमीटर खोलीची धातूची फ्रेम उभी केली, वर न जळणारा सिमेंट बोर्ड, आणि आत कोंडलेली हवा निघून जावी म्हणून खालीवर बारीक फटी. पाइप बाजूच्या कोनाड्यातल्या कपाटातून उभे वर नेले आणि टीव्हीच्या उंचीला आडवे आत घेतले. लांबी वाढली, पण आठ महिन्यांत त्याचा पश्चात्ताप एकदाही झाला नाही. काकांना तो बोर्ड अजूनही उधळपट्टी वाटतो.

त्या फ्रेमचा आणखी एक फायदा झाला. आमचा ब्रॅकेट टीव्हीला भिंतीपासून २८ मिलिमीटरवर धरतो. एवढ्या जागेत नेहमीचा सॉकेट आणि त्यात खुपसलेला प्लग मावत नाही; टीव्ही बाहेर ढकलला जातो आणि "चिकटून" हा शब्दच खोटा पडतो. म्हणून सॉकेट आत दडलेला हवा, म्हणजे त्याच्या बॉक्सला भिंतीत खोल जागा हवी. ती या पोकळ फ्रेमने दिली.

आता माझा गाढवपणा. बॉक्स नेमका कुठे यावा यासाठी मी पुठ्ठ्याचा टीव्ही केला: ५५ इंची, म्हणजे साधारण १२३ बाय ७० सेंटीमीटर. त्यावर ब्रॅकेटची चार भोकं, पॉवरची जागा, एचडीएमआयची (चित्र आणि आवाज नेणाऱ्या केबलची) पोर्ट, सगळं मोजून मापून काढलं. मोजमाप टीव्ही पालथा ठेवून, मागून बघत घेतलं होतं. आणि तोच कागद तसाच भिंतीला लावला, चित्राची बाजू माझ्याकडे. झालं, डावं ते उजवं झालं. टीव्ही टांगला त्या दिवशी कळलं की पोर्ट एका टोकाला आणि बॉक्स दुसऱ्या टोकाला. तोपर्यंत रंगकाम उरकलं होतं. आज केबल टीव्हीच्या पाठीवरून साठ सेंटीमीटर आडव्या जातात, कापडी टेपने बसवलेल्या. बाहेरून दिसत नाही, पण मला माहीत आहे ना! तुम्ही पुठ्ठा केलात तर चित्र भिंतीकडे तोंड करून लावा, किंवा सरळ पारदर्शक प्लास्टिकवर काढा.

पाइपांपैकी पॉवरचा वेगळा, सिग्नलचा वेगळा, दोन्हींत अंतर राखलेलं. पॉवरच्या पाइपात घराच्या पक्क्या वायरिंगचीच वायर आहे. टीव्हीबरोबर येणारी लवचिक पॉवर केबल भिंतीत गाडायची नसते, आणि एक्स्टेन्शन बोर्ड तर नाहीच नाही. सिग्नलचा पाइप काकांना २५ मिलिमीटरचा पुरेसा वाटत होता. मी एचडीएमआयची एक जुनी केबल आणून तिचं तोंड २५ च्या एल्बोतून, म्हणजे काटकोनी जोडातून, घालायला सांगितलं. वायर गेली, तोंड अडकलं. मग ४० चा पाइप आला, एल्बोऐवजी मोठ्या वळणाचे बेंड आले, आणि शेजारी एक रिकामा पाइप नुसती नायलॉनची दोरी घालून ठेवला. या घरातला माझा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय कुठला असं विचारलंत तर हाच.

कारण तिसऱ्या महिन्यात केबलने दगा दिला. कपाटातल्या गेमच्या यंत्रापासून टीव्हीपर्यंत फिरून फिरून आठ मीटर होतात. साधी तांब्याची केबल ४के ६० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं आणि १८ गिगाबिट डेटापर्यंत, निमूट चालली. १२० हर्ट्झ चालू केलं की दर पाच-सात मिनिटांनी पडदा क्षणभर काळा. आधी टीव्हीवर संशय घेतला, मग यंत्रावर. शेवटी यंत्र उचलून टीव्हीखाली आणलं, दोन मीटरची केबल लावली आणि सगळं सुरळीत! ४८ गिगाबिट वाहून नेणं तांब्याला पाचेक मीटरच्या पुढे झेपत नाही. मग ऑप्टिकल एचडीएमआय आणली, पाकिटावर ईएआरसी चालतं असं लिहिलेलं बघून, कारण साउंडबारकडे जाणारा आवाज टीव्हीकडून त्याच केबलने परत येतो, आणि ती सोय म्हणजेच ईएआरसी.

जुनी केबल ओढताना तिच्या शेपटीला नवी बांधली. बायको कपाटापाशी ढकलतेय, मी वर टीव्ही थोडा पुढे धरून ओढतोय. दहा मिनिटांत पार. जोडली, तर पडदा ठार काळा. अर्धा तास डोकं खाजवल्यावर बायकोने केबलच्या तोंडावरची अक्षरं वाचली: टीव्हीच्या बाजूला "सोर्स" आलं होतं. ऑप्टिकल केबलला दिशा असते, ती उलटी चालत नाही. पुन्हा सगळी ओढली, पुन्हा घातली. पंचविसाच्या पाइपात हे करायची वेळ आली असती तर भिंत फोडावी लागली असती, आणि बोलणी खावी लागली असती ती वेगळीच.

इंटरनेटची कॅट ६ केबलही टीव्हीपर्यंत नेली होती, अभिमानाने. लावल्यावर दिसलं की टीव्हीचं पोर्टच १०० मेगाबिटचं आहे. बऱ्याच टीव्हींचं असंच असतं, त्यांचं वायफाय त्याहून वेगाने चालतं. सिनेमे बघायला १०० पुष्कळ झाले, म्हणून राहू दिलीय.

कपाटाला लाकडी दार असल्यामुळे सेट टॉप बॉक्सचा रिमोट पहिल्याच दिवशी रुसला. टीव्हीच्या कडेला मुगाएवढा इन्फ्रारेड रिसीव्हर आणि त्याची बारीक वायर त्याच पाइपातून खाली. प्रश्न मिटला.

स्विचचं जरा सविस्तर सांगतो. टीव्हीमागचा सॉकेट हाताला लागत नाही, म्हणून त्याचा स्विच बाजूच्या भिंतीवर घेतला. हे करायलाच हवं. वीज तोडायला टीव्ही उतरवावा लागणं म्हणजे शिक्षाच. पण तो स्विच दिसायला लागल्यापासून बाबा रोज रात्री झोपताना तो बंद करू लागले. ओएलईडी पॅनल काही तासांच्या वापरानंतर, टीव्ही रिमोटने बंद केला की, स्टँडबायमध्ये स्वतःची डागडुजी करतं. वीज नसेल तर ते काम तुंबतं. समजावून झालं, चिठ्ठी लावून झाली. आता स्विचवर झाकण आहे.

राहिली उंची, आणि इथे मी हात टेकले. फळी सव्वाशे सेंटीमीटरवर, टीव्हीची खालची कड १४० वर, म्हणजे मध्य १७५ वर येतो. सोफ्यावर बसलेल्याचा डोळा साधारण १०५ वर. सत्तर सेंटीमीटरचा फरक! आई पहिल्या दिवशी म्हणाली, "विमान बघायला बसल्यासारखं वाटतंय रे." बातम्यांपुरतं ठीक, दोन तासांच्या सिनेमाला मान बोलते. टीव्ही खाली झुकवावा, तर चिकटून बसणारा ब्रॅकेट झुकत नाही. झुकणारा घेतला तर वरची कड पुढे येते. सोफा साठ सेंटीमीटर मागे सरकवल्यावर बरंच हलकं झालं. ज्यांना मागे जागा नाही त्यांनी टीव्ही खाली ओढून घेता येणारा ब्रॅकेट बघावा, आणि मग केबलना आत तेवढं सैल सोडावं लागेल हे पाइप टाकतानाच लक्षात ठेवावं.

मोसम संपल्यावर टीव्हीची खालची कड पांढऱ्या फडक्याने पुसली, तर फडक्यावर राखाडी पट्टा उमटला. पडद्यावर काही दिसत नव्हतं. तेव्हापासून महिन्यातून एकदा पुसतो.

बोर्ड लावण्याआधी प्रत्येक पाइपाशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढले होते. गेल्या महिन्यात टीव्हीच्या बाजूला घड्याळ टांगायला ड्रिल हातात घेतलं, आणि फोटो बघितला तर आडवा पाइप बरोबर त्या जागी. घड्याळ आता वीतभर वर आहे.

साउंडबार दगडी फळीवर बसतो आणि त्याच्या वायरींसाठी मी जागाच ठेवली नव्हती. फळीच्या टोकापासून कपाटापर्यंत त्या दोन्ही वायरी उघड्या दिसतात, पांढऱ्या भिंतीवर काळ्या. घरी येणारा प्रत्येक जण आधी त्याकडेच बघतो.