ऑर्बिटमधून स्कल बेस: सरावाच्या मॉडेलचं परीक्षण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत थ्रीडी प्रिंट होणारं हे कवटीचं मॉडेल पापणीच्या घडीतून स्कल बेसवर, म्हणजे कवटीच्या तळावर, शस्त्रक्रियेसाठी जाण्याच्या सरावासाठी आहे. उजवी ऑर्बिट (डोळ्याची खोबण), तिच्यामागचं स्फेनॉइड हाड आणि सिलिकॉनचा ड्यूरा (मेंदूवरचं जाड आवरण) एवढा ब्लॉक बदलायचा. बाकी कवटी तीच.

मापं व्हर्नियरने तपासली. खोबणीच्या नाकाकडच्या कडेवरच्या कंगोऱ्यापासून (पुढची लॅक्रिमल क्रेस्ट) आतल्या भिंतीतलं पुढचं इथमॉइडल छिद्र 24 मिमीवर, तिथून मागचं 12 आणि त्याच्याही मागे ऑप्टिक कॅनाल (दृष्टीच्या नसेचा बोगदा) 6, हे पाठ्यपुस्तकी गणित. मॉडेल मिमी-दीड मिमीने चुकतं. माणसामाणसात याहून जास्त फरक असतो, तेव्हा चालतंय की! आतल्या भिंतीला मात्र भोकं आहेत. ही भिंत, म्हणजे लॅमिना पॅपिरेसिया, मुळातच फार पातळ, त्यात ज्यावरून मॉडेल बनतं त्या सीटी स्कॅनचे स्लाइस जाड आणि प्रिंटरचं नोझल 0.4 मिमीचं, मग भिंत उमटणार कुठून? ऑर्डर देताना 1 मिमीपेक्षा पातळ स्लाइस द्या आणि ती भिंत हाताने भरून घ्या.

ड्रिलिंगसाठी माल चांगला आहे. स्फेनॉइडचा मोठा पंख दोन्ही ऑर्बिटल फिशरच्या (खोबणीतल्या वरच्या-खालच्या फटींच्या) मधून झिजवत गेलं की बाहेरच्या अंगाला टेम्पोरॅलिस हा कानशिलाचा स्नायू, मागे कानशिलाकडच्या मेंदूवरचा टेम्पोरल ड्यूरा, हा क्रम बरोबर लागतो. पाणी सतत सोडा. पीएलए, म्हणजे प्रिंटचं प्लास्टिक, 60 अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडतं आणि बरला (ड्रिलच्या फिरत्या टोकाला) गुंडाळतं. खरी खोट वेगळीच. खरं हाड पातळ झालं की खालचा ड्यूरा निळसर दिसू लागतो, ती सूचना इथे मिळत नाही. पांढरं प्लास्टिक शेवटपर्यंत पांढरंच, आणि बर भसकन आत.

मेनिंगो-ऑर्बिटल बँडच्या (ड्यूरा आणि ऑर्बिटचं अस्तर जोडणाऱ्या पट्ट्याच्या) जागी रबराची पट्टी आहे, ओढली की सुटते. पेशंटमध्ये ती ओढायची नसते, धारदार कापायची असते; त्यात रक्तवाहिनी असते आणि पलीकडे कॅव्हर्नस सायनसची, म्हणजे कवटीच्या तळाशी असलेल्या रक्ताच्या पोकळीची, भिंत. ओढायची सवय लागली तर महागात पडेल.

डोळ्याचा सिलिकॉनचा गोळा तर कितीही दाबा, गप्प. प्रत्यक्षात 1 सेंमीपुढे डोळा सरकवणं धोक्याचं. डोळ्याची बाहुली बघत राहायची, रिट्रॅक्टर (डोळा बाजूला धरणारी पट्टी) मधूनमधून सैल सोडायचा. सरावालाही मॅलिएबल (वाकवता येणाऱ्या) रिट्रॅक्टरवर 10 मिमीची खूण करून घ्या.

ड्रिलिंग शिकणाऱ्या रेसिडेंटसाठी घ्यायला हरकत नाही, जादा ब्लॉकसकट. रिट्रॅक्शन, म्हणजे डोळा बाजूला धरणं, शिकायला कॅडॅव्हरच (मृतदेहच) लागेल. ब्लॉकचे स्क्रू फार पिळू नका, प्लास्टिकचे आटे लगेच जातात.