आठ महिने व्हिटॅमिन सी, ई आणि डी घेतल्यावर : अंग आंबायचं थांबलं का?

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही की ट्रेनर नाही, एक्केचाळिसाव्या वर्षी जिम लावलेली बाई आहे. पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात स्क्वॉट्स आणि लंजेस मारले, त्या दिवशी काहीच नाही, दुसऱ्या दिवशी मांड्या जरा भरून आल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कमोडवर बसायला एका हाताने भिंत आणि दुसऱ्याने टॉवेलचा रॉड धरायची वेळ आली. जिना चढताना फार नाही, पण उतरताना कठडा धरून खेकड्यासारखी आडवी उतरत होते, वर मुलगा व्हिडिओ काढत होता.

जिममधली एकजण म्हणाली, सी आणि ई चालू कर, आंबलेलं अंग लवकर सुटतं. मग काय, सी १००० मिलिग्रॅम, ई ४०० आययू, रोज, शिवाय एक बी कॉम्प्लेक्स. आणि खरंच, महिन्याभरात दुखणं एवढं कमी झालं की मी भेटेल त्याला गोळ्यांची नावं सांगत सुटले. (ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी हे वाचत असाल तर सॉरी.)

पहिली शंका चौथ्या महिन्यात आली. बाटल्या संपल्या, आणायचं राहून गेलं, तीन आठवडे गोळी नाही आणि व्यायाम मात्र तोच. दुखणं? काही नाही. म्हटलं आधीच्या गोळ्यांचा असर असेल अजून. पुन्हा चालू केल्या, आणि त्यानंतर महिन्याभराने एक डोंगर चढून उतरलो, दोन तास नुसती उतरण. दोन दिवसांनी मी परत टॉवेलचा रॉड धरून! गोळ्या रोज घेत असताना!

तेव्हा कुठे नीट वाचायला बसले. तर स्नायू ताणला जात असताना त्याच्यावर भार पडला, म्हणजे उतरणं, वजन हळूहळू खाली आणणं, की त्याला बारीक इजा होते आणि दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. लॅक्टिक ॲसिड साचतं वगैरे जे सगळे सांगतात ते ह्याचं कारण नाही, ते व्यायाम थांबवल्यावर तासाभरात बऱ्यापैकी निघून जातं. आणि तोच व्यायाम परत केला की स्नायू सावध होतो, पुढच्या वेळी कमी दुखतं. म्हणजे मी ज्याचं श्रेय बाटलीला देत होते ते काम माझ्या मांड्यांनीच केलेलं.

अँटिऑक्सिडंट (सी आणि ई त्यातलेच) आणि हे दुखणं यावर २०१७ चा कॉक्रेनचा, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, रिव्ह्यू आहे, ५० अभ्यास, हजाराच्या वर लोक, आणि फरक निघाला तो इतका किरकोळ की माणसाला जाणवणारही नाही. त्याहून मला लागलं ते २००९ चं एक संशोधन, त्यात डोस अगदी माझाच, सी १००० आणि ई ४००, आणि व्यायामाने शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता सुधारते ती गोळ्या घेणाऱ्यांमध्ये सुधारलीच नाही. व्यायामात फ्री रॅडिकल्स नावाचे कण तयार होतात, अँटिऑक्सिडंट ज्यांना निकामी करतात ते, आणि तेच शरीराला सुधारणेचा निरोप देत असतात म्हणे, आणि मी रोज नाश्त्याबरोबर तो निरोप पुसत होते की काय कोण जाणे.

साइड इफेक्ट म्हणाल तर सी उपाशीपोटी घेतलं की ॲसिडिटी, एकदा चुकून डबल घेतलं तर पोट बिघडलं (मोठ्यांसाठी दिवसाला २००० च्या वर नको म्हणतात). बी कॉम्प्लेक्सने लघवी पिवळीधमक होते, पहिल्यांदा घाबरले, ते बी २ मुळे. पण व्यायामानंतर लघवी चहा-कोलासारखी काळपट झाली तर ते वेगळं आणि गंभीर, तडक डॉक्टर गाठा.

डी चं मात्र वेगळं. नडगी आणि कंबरेत एक बारीक ठणका जिमच्या आधीपासून होता, रिपोर्टमध्ये डी आलं ११, निदान २० तरी हवं. डॉक्टरांनी आठवड्याला एक असा आठ आठवड्यांचा कोर्स दिला, नंतर ३४ आलं आणि तो ठणका गेला. मांड्यांचं आंबणं त्याने तसूभर हललं नाही. आणि डी शरीरात साठतं, जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, म्हणून टेस्ट केल्याशिवाय मनाने घेऊ नका.

आता सी, ई बंद, डी डॉक्टर सांगतील तेवढंच. नवीन व्यायाम असेल तर पहिल्या दिवशी निम्मेच सेट, दुसऱ्या दिवशी घरात बसून न राहता हळू चालणं, बाकी सहन करायचं. परवा पहिल्यांदा पुल-अपच्या निगेटिव्ह मारल्या, म्हणजे वर चढायचं स्टुलावरून आणि खाली यायचं हळूहळू हातांवर, आणि ट्रेनर "तीनच करा" म्हणत असताना मी आठ केल्या. आज केस बांधायला मुलाला बोलावलंय.