नऱ्ह्याचे डिझेल गॅरेज: दीड लाखाचा फिल्टर आणि साडेतीनशेची नळी

नऱ्ह्याच्या या गॅरेजात गाडी नेली, त्याआधी मला दोन ठिकाणचे सल्ले मिळाले होते आणि त्यांतला एकही पटला नव्हता. २०२१ सालच्या माझ्या डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागला आणि आठवडाभरात गाडीची ओढ इतकी मंदावली, की कात्रजचा चढ दुसऱ्या गिअरवर चढावा लागला. वॉरंटी नुकतीच संपली होती, हे ओघानेच आले. एका सेवा केंद्राने गाडी लिफ्टवर न घेताच फिल्टर बदलण्याचे १,४६,००० रुपयांचे एस्टिमेट हातात ठेवले. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने २८,००० रुपयांत फिल्टर आतून फोडून रिकामा करण्याची आणि गाडीच्या संगणकातून त्याची नोंदच पुसण्याची तयारी दाखवली. ‘पीयूसीचं आम्ही बघतो,’ हेही त्याने मी न विचारताच सांगून टाकले.

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ या वाहन-प्रदूषणाच्या नियमांनी डिझेल मोटारीच्या धुरातील कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आणली. ती पाळण्यासाठी सायलेन्सरच्या वाटेवर सिरॅमिकचा हा फिल्टर बसवावा लागतो आणि त्यात अडकलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळून टाकावी लागते. या क्रियेला रिजनरेशन म्हणतात आणि गाडी बऱ्या वेगाने सलग धावत असेल तर ते चालकाच्या नकळत पार पडते. माझी गाडी मात्र वर्षभर सिंहगड रस्ता ते स्वारगेट एवढीच, तीही सिग्नलागणिक थांबत धावलेली.

या गॅरेजचे मालक स्वतःच मेकॅनिक आहेत. गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरला हात लावण्याआधी त्यांनी बोनेट उघडून ऑइलची काठी काढली, फडक्याने पुसली आणि पुन्हा बुडवून माझ्यासमोर धरली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होते. ‘ऑइल कमी झालेलं तुम्ही ऐकलं असेल साहेब, इथे वाढलंय. वास घेऊन बघा,’ ते म्हणाले. वास डिझेलचा होता. फिल्टर तापवण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते आणि ही क्रिया वारंवार अर्ध्यावर तुटली, की न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळते. मग त्यांनी सायलेन्सरच्या तोंडात पांढरे फडके फिरवले. ते जवळजवळ स्वच्छ निघाले, म्हणजे फिल्टर फुटलेला नव्हता, नुसता भरला होता. खरा दोष गाडी लिफ्टवर घेतल्यावर सापडला. फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातील फरक मोजणाऱ्या सेन्सरची रबरी नळी टोकाशी चिरली होती. त्यामुळे दाबाचे आकडे भलतेच येत होते, संगणकाने रिजनरेशन रोखून धरले होते आणि काजळी साचतच गेली होती.

नळी बदलल्यावर गाडी मागच्या मोकळ्या जागेत उभी केली, खालचे वाळके गवत झाडून काढले, पाण्याची बादली जवळ ठेवली आणि स्कॅनरवरून रिजनरेशन सुरू केले. अर्धा तास इंजिन आपणहून चढ्या आवाजात चालले, जळकट वास सुटला, आणि पडद्यावरचा काजळीचा आकडा ३८ ग्रॅमवरून ४ वर आला. त्यानंतर कमी राखेचे, सी-३ प्रतीचे ऑइल घातले. ऑइलमधली राख काजळीसारखी जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते, म्हणून या बाबतीत स्वस्ताई करू नये, असे त्यांनी बजावले. नळी ३५०, ऑइल आणि ऑइल फिल्टर ५,८००, तपासणी १,५००, रिजनरेशन ३,५०० असे एकूण ११,१५० रुपयांचे बिल झाले. चिरलेली नळी पिशवीत घालून परत दिली.

फिल्टर काढून टाकण्याचा मोह मलाही झाला होता, हे लपवत नाही, आणि त्यांनाही मी मुद्दाम विचारून पाहिले. ते काम आपण घेतच नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचे निकष मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ती जोखीम गॅरेजवाल्याची नसून गाडीमालकाची असते.

उणिवाही आहेत. गाडी चार वाजता देतो म्हणाले आणि दिली दुसऱ्या दिवशी दुपारी. बसायला एक मोडके बाकडे आहे, फोन क्वचितच उचलला जातो आणि दुरुस्ती केली नाही तरी तपासणीचे पैसे द्यावेच लागतात. हा नियम मात्र मला रास्त वाटला, कारण माझे सव्वा लाखाहून अधिक रुपये त्या तपासणीनेच वाचले.

त्याला आता तीन महिने झाले, गाडी चार हजार किलोमीटर धावली आणि दिवा पुन्हा लागलेला नाही. त्यांच्या सल्ल्यानुसार दर पंधरवड्याला रविवारी सकाळी मी महामार्गावरून शिरवळपर्यंत सलग जाऊन येतो. खेड-शिवापूरचा टोल दुरुस्तीच्या खर्चात धरायचा की सहलीच्या, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.